मॉल बंद झाल्यावरची शेवटची गाडी

लाइट रेलचा, म्हणजे शहरातल्या ट्रामसारख्या हलक्या रेल्वेचा, नवा मार्ग आखायला बसले की नकाशावर पहिले जे चार-पाच ठिपके पडतात, त्यांत शहरातला सर्वांत मोठा मॉल हमखास असतो. त्यामागचे गणित सरळ आहे. कामावर जाणारी माणसे सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास गाड्या भरतात. मधल्या वेळेत त्याच गाड्या, तेच चालक, तीच वीज आणि अर्धे डबे रिकामे. मॉलची गर्दी नेमकी भर दुपारी आणि शनिवार-रविवारी असते, शिवाय ती एकाच दिशेने वाहत नाही. वाहतूक संस्थेला असा प्रवासी हवाच असतो. म्हणून मोठ्या खरेदी केंद्राजवळ थांबा असावा की नसावा, यावर माझा वाद नाही. असावाच.

माझा आक्षेप तो थांबा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखला जातो याला आहे. बैठकीत, आराखड्यात, रंगीत चित्रांत सगळीकडे एकच माणूस दिसतो: हातात पिशव्या घेऊन दिवसाउजेडी फलाटावर उभा असलेला ग्राहक. त्याच्या सोयीने जागा ठरते, त्याच्या सोयीने वेळापत्रक लागते. पण असा थांबा चांगला आहे की वाईट, हे मॉल उघडण्यापूर्वीच्या दोन तासांत आणि बंद झाल्यानंतरच्या दोन तासांत कळते. त्या वेळी तिथे जे येतात-जातात त्यांचे काय होते, ही त्याची खरी परीक्षा. या परीक्षेत बहुतेक थांबे नापास होतात, आणि अपयशाचे कारण अभियांत्रिकीत सापडत नाही. ते जमिनीच्या मालकीत आणि करारात असते.

आधी संख्येचा विचार करू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ब्लूमिंग्टन येथे 1992 मध्ये 'मॉल ऑफ अमेरिका' सुरू झाला. मिनिआपोलिसहून विमानतळामार्गे येणारी लाइट रेल 2004 च्या डिसेंबरात तिथवर पोचली. या मॉलमध्ये वर्षभर काम करणारी सुमारे 11 हजार माणसे आहेत. यातली निम्मीच एका दिवशी कामावर असतात असे धरले, तरी येण्या-जाण्याच्या रोजच्या 11 हजार फेऱ्या होतात. ग्राहक महिन्यातून एकदा येईल, दोनदा येईल, पाऊस असेल तर येणार नाही. काउंटरवर उभी राहणारी मुलगी, स्वयंपाकघरातला मदतनीस, सफाई कामगार, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांना पावसातही यावे लागते. आणि यांच्यातच गाडी नसणाऱ्यांचे प्रमाण जास्त असते. मॉलच्या थांब्याचा सर्वांत निष्ठावान प्रवासी कोण, असे विचारले तर उत्तर हेच.

आता या प्रवाशाची रात्र पाहा. दुकान बंद होण्याची वेळ ही कर्मचाऱ्याच्या सुटीची वेळ नसते. शेवटचे गिऱ्हाईक बाहेर पडले की गल्ल्याचा हिशेब जुळवायचा, ट्रायल रूममध्ये ढीग होऊन पडलेले कपडे घड्या घालून जागच्या जागी लावायचे, उद्याचा माल पुढे आणायचा, मग शटर, कुलूप, नोंदवहीत सही. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. तोवर दर्शनी बाजूची मोठी काचेची दारे बंद झालेली असतात. कर्मचाऱ्यांनी मागच्या दाराने जायचे, तिथे पिशवी तपासून घ्यायची. थांबा मात्र दर्शनी दारासमोर! त्यामुळे अख्ख्या इमारतीला वळसा. वाटेत मालाचे ट्रक मागे घेण्याची जागा, कचऱ्याचे मोठे पिंप, पदपथ नाहीच, दिवे निम्मे मालवलेले. त्यात शेवटची गाडी दुकाने बंद होण्याच्या वेळेला जुळवलेली असेल, कर्मचारी सुटण्याच्या वेळेला नाही, तर ही सगळी धावपळ करूनही फलाटावर पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते.

यातली प्रत्येक गोष्ट सुधारता येते, आणि तीही कमी पैशांत. कर्मचाऱ्यांच्या दारापासून थांब्यापर्यंत दिव्यांची वाट, शेवटच्या गाडीची वेळ पाऊण तास पुढे, पहाटेची पहिली गाडी सफाईच्या पाळीआधी. होत नाही, कारण आराखड्याच्या बैठकीला मॉलचे मालक हजर असतात, मॉलमधल्या दुकानांत कामाला असणारे नसतात.

दुर्लक्षाची किंमत किती जबर असू शकते, याचे उदाहरण लाइट रेलचे नसून बसचे आहे, पण प्रश्न तोच आहे. न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या चीक्टोवागा येथे 'वॉल्डन गॅलरिया' नावाचा मोठा मॉल आहे. शहराच्या गरीब वस्तीतून येणाऱ्या सार्वजनिक बसला या मॉलच्या आवारात थांबू दिले जात नव्हते. बस बाहेरच्या सात पदरी रस्त्यावर थांबे. मॉलमधल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम करणारी 17 वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी 1995 च्या डिसेंबरात बसमधून उतरून तो रस्ता ओलांडत होती. ट्रकने तिला चिरडले. जानेवारीत ती गेली. पुढे खटला उभा राहिला आणि 1999 मध्ये मॉलचे मालक, बस चालवणारी संस्था आणि ट्रकचालक यांनी मिळून साडेपंचवीस लाख डॉलरवर तडजोड केली. त्या मुलीच्या मृत्यूनंतर बसला आत येऊ दिले गेले. म्हणजे जागा होती, वळायला रस्ता होता. नव्हती ती फक्त परवानगी, आणि ती नाकारण्याचा अधिकार एका खासगी मालकाच्या हाती होता.

लाइट रेलचे नियोजन करणाऱ्यांनी हे प्रकरण तोंडपाठ करावे असे मला वाटते. थांबा मॉलपासून किती मीटरवर हे नकाशा दाखवतो. उतरलेल्या माणसाला तेवढ्या जमिनीतून चालण्याचा हक्क आहे का, हे नकाशा दाखवत नाही.

हक्काचा हा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. मॉलच्या आतला रुंद मार्ग बाजारपेठेतल्या रस्त्यासारखा दिसतो. बाक असतात, झाडे असतात, म्हातारी माणसे सकाळी चालायला येतात. पण तो रस्ता नाही. 'मॉल ऑफ अमेरिका'ने 1996 मध्ये नियम केला की शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी 16 वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच यायचे. त्याच मॉलमध्ये निदर्शने करणाऱ्यांचे प्रकरण मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मॉल उभारताना सार्वजनिक पैशाचा मोठा हात होता, असे निदर्शकांचे म्हणणे होते. तरीही 1999 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की ही खासगी मालमत्ता आहे, राज्याच्या घटनेतले भाषणस्वातंत्र्य इथे लागू होत नाही. त्या निकालावर कायद्याच्या जाणकारांनी काय ते बोलावे. माझा मुद्दा साधा आहे. ज्या जागेतून कोणी जायचे आणि कधी जायचे हे मालक ठरवतो, त्या जागेला सार्वजनिक थांब्याची एकमेव वाट करता कामा नये.

पण होते नेमके तेच. फलाटावरून पादचारी पूल थेट मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन सोडतात. पलीकडच्या वस्तीत जाणारे लोक मग रोज मॉलमधून आरपार जातात. दिवसा काही वाटत नाही, वातानुकूलित सावलीतून चालणे बरेच वाटते. रात्री साडेदहाला पुलाच्या टोकाचे दार बंद होते आणि पलीकडे राहणाऱ्या माणसाला दीड किलोमीटरचा फेरा पडतो. वाट दिली आणि काढून घेतली, आणि काढून घेताना कोणाला विचारावे लागले नाही. म्हणून मॉलमध्ये शिरणारा पूल हवा असेल तर खुशाल बांधा, पण त्याच्या जोडीला इमारतीच्या बाहेरून जाणारी, चोवीस तास उघडी, महापालिकेच्या मालकीची वाट आधी बांधा. लिफ्टही त्या वाटेच्या बाजूला हवी. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला किंवा बाळगाडी घेऊन येणाऱ्या आईला मॉलच्या वेळापत्रकावर विसंबून ठेवणे अन्यायाचे आहे.

आता पार्किंगकडे वळतो, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

थांब्यापर्यंत माणूस साधारण 400 मीटर, म्हणजे पाच मिनिटे, विनातक्रार चालतो असे वाहतूक नियोजनात धरले जाते. 400 मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात 50 हेक्टर जमीन येते. लाइट रेलचा एक थांबा ज्यांच्यासाठी असतो ती घरे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या या 50 हेक्टरांत असायला हव्यात. आता एका मोटारीच्या पार्किंगला, ये-जा करायच्या जागेसह, सुमारे 25 चौरस मीटर लागतात. 12 हजार मोटारींना जमिनीवर जागा द्यायची तर 30 हेक्टर. बहुमजली वाहनतळ बांधले तर जमीन कमी लागते हे खरे, पण उतार, प्रवेशमार्ग, सिग्नलचे रुंद चौक ही त्याची पिलावळ येतेच. वर मॉलची इमारत वेगळी. थोडक्यात, ज्या वर्तुळात माणसे राहायला हवीत त्यात उभ्या मोटारी राहतात.

12 हजार हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. 'मॉल ऑफ अमेरिका'मध्ये साधारण तेवढ्याच मोटारींची सोय आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डजवळच्या 'मेडोहॉल'मध्येही तेवढीच. दोन्ही ठिकाणी पार्किंग फुकट आहे. आता घरातल्या चौघांनी शनिवारी कुठे जायचे ठरवले की हिशेब कसा होतो? ट्रामने गेलो तर चार तिकिटे जाताना, चार येताना. मोटारीने गेलो तर पेट्रोल, आणि पार्किंग फुकट. कोण ट्रामने जाईल? मग दोन वर्षांनी अहवाल येतो की थांबा होऊनही मोटारींची संख्या फारशी घटली नाही, आणि ठपका लाइट रेलवर बसतो. फुकट पार्किंग ही फुकट नसते. तिचा खर्च दुकानांच्या भाड्यात आणि तिथून मालाच्या किमतीत जातो. ट्रामने आलेला ग्राहकही तो भरतो, शिवाय तिकीटही काढतो. त्याला दोनदा पैसे द्यावे लागतात, मोटारवाल्याला एकदा. थांबा मंजूर करताना पार्किंगची संख्या कमी करण्याची अट घातली नाही, पार्किंगला दर लावला नाही, तर कोट्यवधी खर्चून आपण फक्त एक जास्तीची सोय करून देतो, बदल काही घडवत नाही.

मॉलमालक आपले पार्किंग कोणासाठी राखतो हेही पाहण्यासारखे आहे. 'मॉल ऑफ अमेरिका'मध्ये मोटार लावून लाइट रेलने शहरात कामाला जाण्यास परवानगी नाही. त्या प्रवाशांसाठी एक थांबा अलीकडे, 28व्या अ‍ॅव्हेन्यूवर, सार्वजनिक वाहनतळ आहे. मालकाच्या दृष्टीने हे रास्तच आहे, त्याची जागा त्याच्या गिऱ्हाइकांसाठी. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते की मॉलचे हित आणि रेल्वेचे हित एकच नाही. रेल्वेला सगळे प्रवासी सारखे. मॉलला फक्त तिथे उतरून खर्च करणारे हवे असतात. ज्यांचे हित वेगळे, त्यांच्यात करार लेखी आणि कडक असावा लागतो. आपल्याकडची सरकारी मंडळी मोठ्या उद्योजकाशी बोलताना भागीदारीची भाषा करतात आणि अटी घालायला संकोचतात, ही माझी मोठी तक्रार आहे.

मार्गाच्या आखणीत हा संकोच फार महागात पडतो. मॉल बहुधा सरळ रस्त्यावर नसतो, महामार्गाच्या कडेला मोठा भूखंड पाहून बांधलेला असतो. तिथे थांबा द्यायचा तर रुळांना मोड द्यावा लागतो. त्या वळशात तीन-चार मिनिटे जातात आणि ती मॉलला न जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची जातात, रोज, दोन्ही वेळा, मार्ग असेपर्यंत. डब्लिनचे उदाहरण उलटे आणि म्हणून चांगले आहे. तिथल्या लुआस ट्रामचा हिरवा मार्ग 1958 मध्ये बंद पडलेल्या जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून 2004 च्या जूनमध्ये सुरू झाला. 'डंड्रम टाउन सेंटर' हे मोठे खरेदी केंद्र त्याच्या कडेला 2005 मध्ये उघडले. रूळ आपल्या सरळ वाटेने गेले, मॉल त्यांच्यापाशी आला. पुढे जाणाऱ्या माणसाचा एक मिनिटही वाया गेला नाही. खरेदी केंद्राला लागून असलेल्या एका थांब्याचे नाव बॅलली आहे. ते त्या परिसराचे नाव आहे, दुकानांचे नाही. दुकाने बदलली, मालक बदलला, तरी पाटी बदलावी लागणार नाही.

मँचेस्टरमध्ये ट्रॅफर्ड पार्क मार्ग झाला तेव्हा वर्तमानपत्रांतून तो 'ट्रॅफर्ड सेंटर' या मॉलची ट्राम म्हणूनच गाजला. मॉल 1998 चा. साडेपाच किलोमीटरचा मार्ग आणि सहा नवे थांबे यांना सुमारे 35 कोटी पौंड लागले, त्यांत मोठा वाटा सार्वजनिक निधीचा. मार्ग 22 मार्च 2020 रोजी सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. दुकाने बंद! मॉलसाठी म्हणून गाजलेला मार्ग आणि मॉलच बंद, असा तो काळ. तरी मार्गाला अर्थ उरला होता, कारण शेवटच्या थांब्याआधीचे काही थांबे ट्रॅफर्ड पार्क या 1896 पासूनच्या औद्योगिक वसाहतीतले आहेत, आणि तिथे हजारो माणसे कामाला जातात. कारखाने आणि गोदामे पूर्ण थांबली नव्हती. जाहिरातीत शेवटचा थांबा होता, पण त्या काळात मार्गाला अर्थ दिला तो मधल्या थांब्यांनी. आखणी करणाऱ्यांनी ते ओळखले होते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

शेफील्डची गोष्ट अशी सुखाची नाही. पोलादाच्या कारखान्याच्या जागेवर 1990 मध्ये मेडोहॉल उभा राहिला. शहराच्या मधल्या बाजारपेठेचा धंदा त्याने ओढून नेला, ही तिथली जुनी वेदना आहे. 1994 मध्ये शहराची 'सुपरट्राम' ही ट्रामसेवा सुरू झाली तिचा पहिलाच टप्पा शहरातून मेडोहॉलला जाणारा होता. रेल्वे, बस, ट्राम एकाच ठिकाणी आणि तिथून पुलाने थेट मॉल, ही सोय म्हणून उत्तमच आहे. पण जी बाजारपेठ रोडावत होती तिच्याच दारातून गिऱ्हाईक उचलून बाहेरच्या मॉलला नेऊन सोडण्याचे काम सार्वजनिक पैशाने झाले, हेही खरे. ब्रिटिश सरकारने 1996 मध्ये नियोजनाचे धोरण बदलून नव्या दुकानांसाठी आधी शहराच्या मध्यभागी जागा शोधायची, मग बाहेर, असा क्रम लावला. तोवर मेडोहॉल आणि ट्रॅफर्ड सेंटर या दोघांच्या परवानग्या होऊन गेल्या होत्या. रुळाला दोन्ही दिशा असतात, माणसे शहरातही येतील, असे सांगितले जाते. येतात, पण पलीकडच्या टोकाला 12 हजार फुकट पार्किंग आणि अलीकडच्या टोकाला एकही नाही, अशी असमान लढत असली की ओघ कुठे जाणार हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

मग पैसे कोणी द्यायचे? थांबा आला की भूखंडाची किंमत वाढते, भाडी वाढतात. हा लाभ सार्वजनिक खर्चातून झालेला असतो, म्हणून त्यातला वाटा सार्वजनिक तिजोरीत परत यायला हवा, यात वादाचे काही नाही. जपानमध्ये कोबायाशी इचिझो यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. 1929 मध्ये त्यांच्या हानक्यू रेल्वेने ओसाकातल्या उमेदा या शेवटच्या स्टेशनावर स्वतःचेच मोठे दुकान उघडले. गाडी गिऱ्हाईक आणते आणि दुकान गाडीला पैसे देते, दोन्ही एकाच मालकाच्या खिशात. हाँगकाँगच्या एमटीआर या मेट्रो कंपनीनेही स्टेशनांवरच्या जमिनीच्या विकासातून मार्गांचा मोठा खर्च काढला. सगळीकडे हे जमणार नाही. पण जिथे मॉल आधीच उभा आहे आणि खासगी आहे, तिथे निदान त्याच्याकडून रोख वाटा, फलाटासाठी फुकट जमीन आणि वाटेची कायमची देखभाल मागता येते.

मागायची वेळ मात्र एकच असते: मार्ग अंतिम होण्यापूर्वीची. थांबा दोनशे मीटर इकडे की तिकडे हे ठरायचे असते तेव्हा मालक स्वतः चर्चेला येतो, तयारी दाखवतो. एकदा मार्गाची अधिसूचना निघाली की त्याला हवे ते मिळालेले असते आणि मग प्रत्येक अट वकिलामार्फत येते-जाते. मात्र पैसे मिळाले तरी त्यांच्या बदल्यात थांब्याची जागा ठरवण्याचा हक्क विकू नये. वर्गणी दिली म्हणून फलाट त्याच्या दारात, असा व्यवहार झाला तर पलीकडच्या वस्तीचा हक्क आपण परस्पर विकलेला असतो.

सर्वांत मोठे कारण अजून सांगायचे आहे. रूळ मॉलपेक्षा जास्त जगतात. आज ज्या खरेदी केंद्राशिवाय शहराची कल्पना करवत नाही, ते तीस-चाळीस वर्षांत ओस पडू शकते, हे अमेरिकेत गावोगाव दिसले आहे. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने 1956 मध्ये मिनेसोटातच, एडिना येथे, 'साउथडेल' हा पूर्ण बंदिस्त वातानुकूलित मॉल उभारला. त्यांच्या आराखड्यात मॉलभोवती घरे, शाळा, बाग, तळे होते. झाला फक्त मॉल आणि त्याचे पार्किंग. पुढे 1978 मध्ये त्यांनी आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साऱ्या मॉलांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. त्यांच्या आराखड्यातला राहून गेलेला भाग आता पूर्ण करण्याची संधी लाइट रेल देते, असे मी मानतो.

सिएटलमध्ये हे घडताना दिसते. 1950 मध्ये सुरू झालेला 'नॉर्थगेट' मॉल 2019 पर्यंत बहुतांशी बंद झाला. 2 ऑक्टोबर 2021 रोजी तिथे लाइट रेल पोचली, तेव्हा मॉल जवळजवळ उरलाच नव्हता. पार्किंगच्या आणि दुकानांच्या जागी बर्फावरच्या खेळांचे केंद्र उभे राहिले, घरे आणि कचेऱ्यांचे आराखडे आले. त्याच दिवशी महापालिकेचा एक पादचारी आणि सायकल पूलही खुला झाला. तो पूल कुठल्या दुकानात शिरत नाही. स्टेशनापासून निघून रुंद महामार्ग ओलांडतो आणि पलीकडच्या कॉलेजापाशी उतरतो. महामार्गामुळे दशकानुदशके तुटलेल्या दोन बाजू त्याने जोडल्या. थांबा मॉलसाठीच आखला असता, त्याच्या पोटात घातला असता, तर मॉलबरोबर तोही निरर्थक झाला असता.

पोर्टलंडमध्ये 'लॉइड सेंटर' 1960 चे. लाइट रेल तिथे 1986 मध्ये आली, ती मॉलच्या आवारात न शिरता जवळच्या सार्वजनिक रस्त्यावरून गेली. 2021 मध्ये मॉलच्या मालकांचे कर्ज थकले आणि मालमत्ता धनकोंच्या ताब्यात गेली. मोठी दुकाने त्याआधीच निघून गेली होती. थांब्याला काही झाले नाही. आजूबाजूला घरे आहेत, कचेऱ्या आहेत, माणसे चढतात-उतरतात. मॉलचे पुढे काय करायचे यावर आता चर्चा होते तेव्हा ट्राम ही त्या जागेची सर्वांत भक्कम बाजू ठरते.

म्हणून करारात व्यक्ती किंवा कंपनीचे नाव पुरेसे नाही. थांब्यापासून चारी बाजूंच्या रस्त्यांपर्यंतचा वहिवाटीचा हक्क जमिनीच्या दस्तातच नोंदवला पाहिजे. मॉल विकला गेला, दिवाळ्यात निघाला, पाडून तिथे घरे बांधली, तरी नव्या मालकाच्या खरेदीखतात ती वाट, तिची रुंदी, तिचे दिवे आणि ती रात्रभर उघडी ठेवण्याची अट जशीच्या तशी उतरली पाहिजे. पार्किंगची जागा टप्प्याटप्प्याने कमी करून तिथे घरे बांधण्याचा हक्क कोणाकडे, हेही तिथेच लिहिले पाहिजे. आणि शेवटच्या गाडीची वेळ ठरवताना दुकानांच्या पाटीवरची वेळ न बघता कर्मचाऱ्यांच्या दारावरची हजेरीची नोंद मागवली पाहिजे. ती नोंद प्रत्येक मॉलकडे असते.